फळीखालची जमीन

पौष महिन्यातील एखाद्या निरभ्र रात्री महाबळेश्वरच्या पठारावर वारा पडला, म्हणजे वेण्णा तलावाच्या जेट्टीवरील फळ्यांवर उतरलेले दव पहाटेपर्यंत गोठून जाते, आणि तो हिमकणांचा पांढरा थर पाहण्यासाठी उजाडण्यापूर्वीच माणसे तेथे जमतात. त्याच पठाराच्या पश्चिम अंगाने सावित्री नदी खाली उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, तेथे गांधारीला आपल्यात सामावून घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्रास मिळते. सुमारे साडेचार हजार फूट उंचीचे ते पठार आणि जवळजवळ समुद्रसपाटीला टेकलेले महाड यांच्यामध्ये आंबेनळी घाटाची काय ती वळणे. पण वर वर्षातील मोजक्या पहाटे जे पाणी गोठते, तेच खाली चार महिने कोसळते, वाहते, साचते आणि मुरते. उघड्यावर घातलेली जमीन, मग ती घरापुढील ओटा असो, तळ्याच्या घाटाची पायरी असो किंवा आजकाल ज्याला डेक म्हणतात तो फळ्यांचा चौथरा असो, टिकते की खचते हे या पाण्याचा बंदोबस्त कसा केला आहे त्यावर ठरते, आणि तो बंदोबस्त नेहमी फळीच्या खाली असतो, वर कधीच नसतो.

हा विषय येथील वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन दुहेरी आहे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील माणूस पूर्वापार पोटापाण्यासाठी घाट आणि खाडी ओलांडत आला आहे. मुंबईच्या गिरण्या आणि लष्कराची नोकरी यांच्यानंतर त्याच्या पुढील पिढ्या परदेशी गेल्या, आणि टोरांटो किंवा मिनीआपोलिस अशा शहरांत, जेथे कडक हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली उतरतो, मराठी कुटुंबे घर घेतात तेव्हा परसदारी डेक बांधण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ओघानेच येतो. दुसरे प्रयोजन असे की, घाटमाथ्यावर आणि त्याच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी जी निवासस्थाने उभी राहत आहेत, त्यांच्या मालकांनाही दरीकडे तोंड करून असाच फळ्यांचा सज्जा असावा असे वाटू लागले आहे. दोघेही प्रथम फळीचा रंग आणि दर विचारतात. विचारावयाचे असते ते निराळेच.

अशा डेकसाठी वापरली जाणारी संमिश्र फळी ही लाकडाचा भुसा आणि पॉलिथिलीनसारखे प्लास्टिक साधारण निम्मेनिम्म प्रमाणात एकत्र तापवून, साच्यातून दाबाने बाहेर काढलेली असते, आणि त्यातील प्लास्टिक बहुधा वापरून टाकलेल्या पिशव्यांचे व वेष्टनांचे असते. अमेरिकेत मोबिल या तेल कंपनीच्या रसायन विभागाने हा व्यवसाय हाती घेतला होता, आणि १९९६ साली तो विकत घेऊन व्हर्जिनिया राज्यात ट्रेक्स ही कंपनी स्थापन झाली. तेव्हापासून हा माल तेथील घराघरांत पोहोचला. आरंभीच्या फळ्यांत भुसा पृष्ठभागापर्यंत उघडा असल्यामुळे त्यावर बुरशी धरे आणि डाग पडत. पुढे फळीच्या अंगावर निव्वळ प्लास्टिकचे पातळ कवच चढविण्याची रीत आली आणि तो दोष बराच दूर झाला. ही फळी सहसा कुजत नाही, तिला वाळवी सहजासहजी खात नाही, तिची कुसळे पायात शिरत नाहीत आणि तिला दरवर्षी तेलपाणी करावे लागत नाही, हे तिचे गुण निर्विवाद आहेत.

तथापि तिचे दोन स्वभावधर्म समजून घेतल्यावाचून तिला हात लावू नये. पहिला असा की, तिच्यात ऐनाच्या किंवा सागाच्या फळीइतका ताठपणा नाही. ती माणसाचा भार पेलते तो खालच्या वाशांच्या आधारावर, आणि वासे दूर पडले तर ती मधोमध झुकते. सबब वाशांमधील अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत मोजून, सोळा इंचांहून अधिक ठेवू नये, आणि फळ्या तिरप्या घालावयाच्या असतील किंवा जिन्याच्या पायऱ्या करावयाच्या असतील तर ते बारा इंचांवर आणावे, असा प्रघात आहे. दुसरा स्वभावधर्म प्रसरणाचा. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते. ही फळी उष्णतेने लांबीत वाढते. हिवाळ्यातील शून्याखाली वीस अंशांपासून उन्हाळ्यात फळीच्या पृष्ठभागावर चढणाऱ्या पन्नास अंशांपर्यंतचा फरक सत्तर अंशांचा होतो, आणि तेवढ्या फरकाने पाच मीटर लांबीची फळी एक सेंटिमीटरहून अधिक वाढते. म्हणून टोकाला टोक भिडवून ती कधी ठोकू नये. थंडीत फळी आकसलेली असते तेव्हा जोडणी केली तर टोकांमधील फट मोठी ठेवावी, उन्हात केली तर लहान. पाच अंशांच्या वर सुमारे तीन मिलिमीटर आणि त्याखाली सुमारे पाच, असे साधारण प्रमाण सांगितले जाते, आणि ज्या कारखान्याचा माल असेल त्याच्या पत्रकातील आकडा अंतिम मानावा, कारण हमी त्यावरच अवलंबून असते.

आता फळीखाली उतरू. अतिशीत प्रदेशात घराचा खरा शत्रू जमिनीत असतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळेत शिकविले जाते. पण जमिनीत घडते ते याहून अधिक विध्वंसक असते. गाळाच्या व चिकण मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी खालून वर ओढले जाते, वरच्या गोठलेल्या थराशी पोहोचताच ते तेथे जमू लागते, आणि बर्फाची भिंगाच्या आकाराची पटले एकावर एक तयार होऊन सारी जमीन वर उचलली जाते. डेकचा खांब अशा जमिनीत उथळ पुरलेला असेल तर तो या उचलीबरोबर वर येतो, वसंतात बर्फ वितळल्यावर पूर्ववत खाली बसत नाही, आणि काही हिवाळ्यांत एक खांब उंच व दुसरा सखल होऊन सांधे उखडू लागतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे हिवाळ्यात जमीन जितक्या खोलीपर्यंत गोठते त्याच्याही खाली पाया नेणे. टोरांटोत ही खोली सुमारे चार फूट धरतात. मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागात नियमाने साडेतीन फूट आणि उत्तर भागात पाच फूट खोदावे लागते.

खोदलेल्या खड्ड्यात काँक्रीटचा गोल खांब ओततात. त्याची बाजू गुळगुळीत राहावी म्हणून पुठ्ठ्याचा नळकांड्यासारखा साचा वापरतात, कारण खडबडीत बाजूला गोठलेली माती घट्ट पकडते आणि तेथूनही त्यास वर ओढते. तळाशी तो रुंद ठेवतात, म्हणजे तो उपटला जात नाही. कॅनडात अलीकडे लोखंडी मळसूत्री खांब यंत्राने जमिनीत फिरवून बसविण्याची पद्धतही रूढ आहे. त्यात खोदकाम नाही आणि काँक्रीट सुकण्याची वाट पाहणे नाही. पाया कोणताही असो, लाकडी खांब त्यावर थेट टेकवू नये. मध्ये धातूची बैठक असावी आणि खांबाचा तळ पाण्यापासून व साचलेल्या बर्फापासून वर राहावा.

वरच्या फळ्या संमिश्र असल्या तरी सांगाडा बहुधा लाकडाचाच असतो, आणि त्या लाकडात कुजू नये म्हणून रासायनिक द्रव्य दाबाने मुरविलेले असते. पूर्वी या द्रव्यात सोमल असे; अमेरिकेत २००४ च्या आरंभापासून घरगुती कामासाठी ते बंद झाले आणि त्याची जागा तांब्याचे प्रमाण अधिक असलेल्या द्रव्यांनी घेतली. तांब्याच्या सान्निध्यात साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून खिळे, स्क्रू आणि वाशांच्या टोकांना धरणाऱ्या पकडी जस्ताचा जाड मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्या लागतात. फळी तीस वर्षे टिकेल म्हणून विकत घ्यावी आणि तिच्याखालील खिळा दहा वर्षांत गंजून जावा, असा व्यवहार काही ठिकाणी घडतो. त्यात तोटा पैशाचा असतो तसा जिवाचाही असतो.

जिवाचा म्हणण्याचे कारण असे. डेक घराच्या भिंतीला ज्या आडव्या तुळईने जोडलेला असतो, तो सांधा हे साऱ्या बांधकामातील मर्मस्थान होय. पुष्कळसे डेक कोसळतात ते तेथूनच, आणि ते प्रायः माणसे जमलेली असताना कोसळतात. ही तुळई नुसत्या खिळ्यांवर कधी ठेवू नये; ती घराच्या मूळ सांगाड्यापर्यंत पोहोचणाऱ्या बोल्टांनी आवळावी, आणि तिच्या माथ्यावर भिंतीच्या आवरणाखालून येणारी पत्र्याची पट्टी अशी बसवावी की पाऊस आणि वितळलेला बर्फ सांध्यात न शिरता बाहेर पडेल. ज्या भिंतीचा भरवसा नाही तिला डेक जोडूच नये. भिंतीलगत स्वतंत्र खांब देऊन तो आपल्या पायांवर उभा करावा.

भाराचा हिशेबही हिवाळ्याच्या दृष्टीने करावा लागतो. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ हलका असतो, पण तो दिवसेंदिवस दबून घट्ट झाला की एका घनमीटरचे वजन तीनशे किलोंच्या आसपास जाऊ शकते. वीस चौरस मीटरच्या साध्या डेकवर असा अर्धा मीटर बर्फ साठला तर तो तीन टनांचा भार होतो, आणि घराच्या छपरावरून घसरून पडणाऱ्या बर्फाची त्यात आणखी भर पडते. म्हणूनच त्या देशांत नगरपालिकेकडे नकाशा दाखल करून परवाना घ्यावा लागतो आणि तपासनीस येऊन पाहून जातो. ही तपासणी जाच वाटली तरी तिला आडवळण शोधू नये, असे परदेशातील आपल्या आप्तांना कळकळीने सांगावेसे वाटते, कारण माती एकदा लोटली गेली म्हणजे खड्डा चार फूट होता की दोन, हे कोणालाही दिसत नाही.

बर्फ काढताना प्लास्टिकचे फावडे घ्यावे आणि ते फळीच्या लांबीच्या दिशेने ओढावे. धातूच्या धारेने कवचावर ओरखडे उठतात. निसरडे झाल्यास बर्फ वितळविणारे मीठ टाकण्यास हरकत नाही, मात्र ऋतू पालटताच ते धुऊन काढावे. दोन फळ्यांमधील सुमारे सहा मिलिमीटरची फट पानगळीने बुजू देऊ नये, कारण तेथे अडलेले पाणीच पुढे गोठते.

हे सारे वाचून पोलादपूरच्या माणसाला वाटेल की, आमच्या मातीत पाणी कधी गोठत नाही, तेव्हा आमचा याच्याशी संबंध काय? संबंध निकटचा आहे. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. गोठलेले पाणी जे काम उचलून करते, तेच काम न वाळणारे पाणी कुजवून, गंजवून आणि माती वाहून नेऊन करते. आपल्या जुन्या घरांच्या रचनेत या गोष्टीची जाणीव पदोपदी दिसते. काळ्या दगडाचे किंवा जांभ्याच्या चिऱ्यांचे उंच जोते, त्याच्या कडेपलीकडे पागोळ्या पडाव्यात म्हणून पुढे काढलेली वळचण, पागोळ्यांच्या रेषेत दगडांनी बांधलेला पन्हळ, पडवीला पावसाच्या तोंडी लावलेले झाप, आणि पाऊस सरल्यावर नव्याने खणून, चोपून, सारवून केलेले अंगण, ही सारी पाण्याला वाट देण्याची व्यवस्था होती. अंगण दरवर्षी नवे करावयाचे आणि जोते पिढ्यान्‌पिढ्या टिकवावयाचे, हा विवेक त्या गवंड्यांना होता. महाड तालुक्यातच रायगडावर जाऊन पाहावे: १८१८ साली इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरील लाकडी इमले जळून गेले, पण बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींची जोती त्यानंतरचे दोनशे पावसाळे सोसून आजही ओळीने उभी आहेत.

या भागात संमिश्र फळी घालावयाचीच असेल तर स्थळाचा विचार आधी करावा. महाडच्या सखल वस्तीत ती घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने शहरात जो चिखल आणला, तो फळ्यांखालच्या बंदिस्त पोकळीत शिरला असता तर सारा डेक उखडल्यावाचून निघाला नसता. तेथे दगडी फरशी किंवा सिमेंटचा कोबा, जो पाण्याच्या एका फवाऱ्याने धुता येतो, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली, हेही डोंगरउतारावर सज्जा काढणाऱ्याने विसरू नये. दरीच्या तोंडाशी माती कापून सपाटी करणे, वरच्या अंगाचे ओहोळ बुजविणे आणि भरावाच्या मातीत खांब रोवणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. खांब मूळ खडकापर्यंत न्यावेत आणि वरून येणाऱ्या पाण्याला चर खणून बाजूने वाट काढून द्यावी.

सांगाड्यासाठी लाकूड घेतल्यास वाळवी त्याचा फडशा पाडील, म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्या घ्याव्यात, आणि लोखंड जेथे कापले असेल ती उघडी टोके रंगवून बंद करावीत. खालची जमीन उताराची आणि कोबा केलेली असावी. फळ्यांखालची जागा चारी बाजूंनी झाकून टाकण्याचा मोह आवरावा. हवा खेळली नाही तर तळ वाळत नाही, आणि अंधाऱ्या ओल्या पोकळीत घोणस किंवा विंचू येऊन राहिला तर तो कोणाला दिसत नाही. बाजारात डब्ल्यूपीसी या नावाने दरवाजांसाठी व स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी जे फेसाळ प्लास्टिकचे पत्रे मिळतात, ते उघड्यावरच्या जमिनीसाठी नसतात. त्यांचा व या फळीचा गोंधळ होऊ देऊ नये. पोकळ फळीपेक्षा भरीव फळी घ्यावी, कारण पोकळ फळीत टोकाकडून पाणी आणि मुंग्या शिरतात. गडद रंग टाळावा. आपल्याकडे माणसे घराच्या जमिनीवर अनवाणी चालतात, आणि वैशाखातील दुपारी गडद संमिश्र फळीवर पाय ठरत नाही. काम दिवाळीनंतर काढावे, आणि सकाळच्या गारव्यात जोडणी करताना उन्हाळ्यातील वाढीसाठी पुरेशी फट सोडावी.

खाजगी घराविषयी एवढे पुरे. पण महाडमध्ये राहून बाहेरच्या जमिनीविषयी लिहिणाऱ्याला चवदार तळ्याच्या पायऱ्यांपाशी थांबावेच लागते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडला आणि तो १९२३ साली मंजूर झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली हे तळे सर्वांसाठी खुले असल्याचे जाहीर केले. तरीही या दगडी पायऱ्या उतरण्याची मुभा अस्पृश्य मानलेल्या समाजाला प्रत्यक्षात मिळाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेस जमलेल्या जनसमुदायासह येथे आले, पायऱ्या उतरले आणि तळ्याचे पाणी प्याले. पुढे दावे चालले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने सत्याग्रहींच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक जमिनीवर कोणी पाय ठेवावा हा प्रश्न ज्या गावाने देशापुढे मांडला, त्या गावाने पाय ठेवणाऱ्याच्या सुरक्षिततेचाही विचार इतरांहून अधिक काटेकोरपणे करावा, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

अमेरिकेतील साध्या घरगुती डेकलाही, तो जमिनीपासून तीस इंचांहून उंच असेल तर, निदान तीन फूट उंचीचा कठडा असावा लागतो, आणि कठड्याच्या दोन गजांमधून चार इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये, कारण त्यातून लहान मुलाचे डोके जाऊ शकते. आपल्या देशातही २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने सार्वजनिक जागा सर्वांना जाण्यायेण्याजोग्या असण्याची जबाबदारी घातली आहे. तेव्हा तळ्याकाठी, नदीच्या घाटावर, गडाच्या वाटेवर किंवा एखाद्या पर्यटनस्थळी जेव्हा नवी जमीन घातली जाईल, मग ती दगडाची असो वा संमिश्र फळीची, तेव्हा अंदाजपत्रकात दिसण्याच्या बाबींआधी पाण्याचा निचरा, पावसाळ्यातील शेवाळ खरवडून काढण्यासाठी दरवर्षीचा खर्च, हाताशी येणारा कठडा आणि चाकाच्या खुर्चीला चढता येईल असा सौम्य उतार यांची तरतूद असावी. या बाबींची छायाचित्रे कोणी काढत नाही आणि उद्‌घाटनाच्या भाषणात त्यांचा उल्लेखही येत नाही. मिनेसोटातील पाच फूट खोल खड्ड्याची आणि महाडच्या जोत्याखालील भरणीचीही गत तीच आहे. आणि तरीही वरची फळी कोणत्याही कारखान्यातून आलेली असो, तिच्यावरून म्हातारी माणसे भर श्रावणात निर्धास्त चालू शकतील की नाही, याचा निकाल त्या न दिसणाऱ्या कामातच लागलेला असतो.